वाचकांचे प्रश्न : जेवताना नाक मुरडणारी मुलं

एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या जेवणाविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

मुलगी दीड वर्षाची आहे. पहिल्या वर्षात दिलं ते आवडीने खायची. आता चार घास झाले की तोंड फिरवते. वजन ठीक आहे असं डॉक्टर सांगतात, पण आमचा जीव राहत नाही. हिची भूक गेली कुठे?

भूक जागेवरच आहे, वाढीचा वेग उतरला आहे. जन्माच्या वेळी तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईतो साधारण नऊ किलोचं होतं. म्हणजे बारा महिन्यांत सहा किलोंची भर. दुसऱ्या वर्षात ही भर दोन-अडीच किलोंवर येते आणि पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत वर्षाला दोन किलोंच्या आसपास राहते. शरीराची मागणीच कमी झाल्यावर मूल आधीच्या हिशोबाने कसं जेवेल? नेमक्या याच काळात ते चालायला लागतं आणि एका जागी बसणं त्याला शिक्षा वाटते. शिवाय साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाबद्दलची धास्ती सर्वात जास्त असते. काल खाल्लेला पदार्थ आज वेगळ्या आकारात कापला तरी तो मुलाला अनोळखी वाटू शकतो. हा हट्टीपणा नव्हे, वयाचा भाग आहे.

बहुतेक घरांत गडबड होते ती वाढण्यात. आपण आपल्या अंदाजाने वाढतो आणि उरलेलं बघून धास्तावतो. या वयासाठी सोपं माप असं: प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली. तुमच्या मुलीसाठी दीड चमचा भात, दीड चमचा डाळ, दीड चमचा भाजी. संपलं आणि तिने मागितलं तर पुन्हा वाढा. भरलेलं ताट पाहूनच काही मुलं हबकतात, थोडं वाढलेलं ताट त्यांना आटोक्यातलं वाटतं.

हिशोबही एका जेवणाचा करू नका, आठवड्याचा करा. सात दिवस तिने खाल्लेलं सगळं लिहून ठेवा, मधले बिस्किटाचे तुकडे आणि दुधाचे घोटसुद्धा. सोमवारी नुसतं केळं आणि बुधवारी दोनदा मागून घेतलेला भात, असंच चित्र बहुतेक वेळा निघतं.

चार वर्षांचा मुलगा मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकेक जेवण तासभर चालतं. आजी ताट घेऊन घरभर मागे फिरते. आम्ही सगळेच थकलो आहोत. सुरुवात कुठून करू?

आधी कामाची वाटणी करा. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं काय खायचं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. बहुतेक घरांत ही वाटणी उलटी झालेली असते: मूल मेनू ठरवतं आणि मोठी माणसं घास मोजतात. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मुलावर सोडलं तर ते उपाशी राहील, ही भीती आम्हाला समजते. अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकत्याच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांसमोर वेगवेगळे साधे पदार्थ ठेवले आणि काय व किती खायचं ते बाळांवर सोडलं. प्रत्येकाची निवड निराळी होती, एकाच बाळाचं एका दिवशीचं खाणं दुसऱ्या दिवशीशी जुळत नव्हतं, तरी बाळं छान वाढली. त्यातली महत्त्वाची बाब बरेचदा सांगायची राहून जाते: समोर ठेवलेले सगळेच पदार्थ ताजे, साधे आणि पौष्टिक होते, गोडाधोडाचं काहीच नव्हतं. म्हणजे निवड मुलाची, पण निवडीसाठी समोर काय ठेवायचं ते मोठ्यांच्या हातात. दोन्ही बाजू सांभाळल्या तरच हे जमतं.

आता वेळापत्रक. दिवसात पाच वेळा खाणं: तीन जेवणं आणि मधे दोन वेळचा छोटा खाऊ. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तासांचं अंतर हवं आणि त्या वेळात फक्त पाणी. उदाहरणार्थ ८, १०:३०, १, ४ आणि ७. जेवणाला २० ते ३० मिनिटं, खाऊला १० ते १५. वेळ झाली की चेहऱ्यावर नाराजी न दाखवता ताट उचला आणि सांगा, "आता झालं, पुढचं खाणं चार वाजता." पहिल्या २० मिनिटांत पोटात जे जायचं ते गेलेलं असतं. पुढच्या चाळीस मिनिटांत फक्त झगडा होतो.

गाडी घसरते ती इथेच. एक वाजता मूल जेवत नाही, दीड वाजता कुरकुरतं, आणि "उपाशी आहे बिचारा" म्हणून कुणीतरी हळूच बिस्किटं देतं. मूल लगेच ओळखतं की जेवण नाकारलं की अर्ध्या तासाने आवडीचं मिळतं. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून ठरवून घ्या. आजींना "तुम्ही लाड करता" असं ऐकवू नका. त्या प्रेमापोटीच मागे फिरतात. त्यांना नातवाशेजारी बसून स्वतःचं ताट घेऊन जेवायला सांगा. शेजारी बसून निवांत जेवणारं माणूस पाहून मूल जितकं शिकतं तितकं भरवून शिकत नाही.

बैठक जरूर तपासा. मोठ्यांच्या खुर्चीत मुलाचे पाय लोंबकळतात, तोल सांभाळण्यातच अर्धी ताकद जाते आणि ते सारखं चुळबुळतं. पायाखाली स्टूल किंवा खोकं ठेवा, गुडघे काटकोनात येऊ द्या आणि टेबल कोपराच्या उंचीला येईल इतपत बसायला उशी द्या. "एका जागी बसतच नाही" ही तक्रार पायाखाली आधार मिळाल्यावर पुष्कळदा कमी होते.

मोबाईल एकदम सगळ्या जेवणांतून काढायला धीर होत नसेल तर ज्या खाण्याला मुलाला सर्वात जास्त भूक असते तिथून सुरुवात करा. आठवडाभर ते एक खाणं पडद्याविना, मग दुसरं. आदल्या दिवशी मुलाला सांगून ठेवा आणि मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिले काही दिवस तो कमी खाईल. पडद्याकडे बघताना पोट भरल्याची जाणीव त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि त्या तंद्रीत गरजेपेक्षा जास्त घास जात होते. घटलेलं खाणं बघून चौथ्या दिवशी फोन परत दिलात, तर पुढच्या वेळी दुप्पट रडारड होईल.

भाजी बघितली तरी "ई" करते. वय साडेतीन. वाटून, लपवून दिली तर चालतं का?

पोषणासाठी वाटून घालायला हरकत नाही. पण त्यातून ती भाजी खायला शिकणार नाही, कारण तिने भाजी पाहिलेलीच नसते. "यात काही नाही" असं सांगून फसवू मात्र नका. एकदा पकडलं गेलं की आवडत्या पदार्थावरचाही भरवसा उडतो आणि तोही यादीतून जातो.

ओळख व्हायला वेळ लागतो. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी मुलांना तो बरेचदा दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, काहींना त्याहूनही जास्त. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर "हिला आवडत नाही" असा शिक्का बसतो. प्रत्येक वेळी खाल्लंच पाहिजे असंही नाही. ताटात सहन करणं, बोटाने ढकलणं, वास घेणं, जीभ लावणं, चावून थुंकणं आणि शेवटी गिळणं, अशा पायऱ्या असतात. थुंकण्यासाठी शेजारी एक वाटी ठेवा. तोंडातून बाहेर काढायची मुभा असली की तोंडात घालायचं धाडस वाढतं.

वाटाण्याचंच घ्या. मूठभर वाटाणे ताटात आले तर मुलगी बिथरेल. एकच दाणा ठेवा. तो दाबून फोडायला द्या, आतले दोन भाग बघू द्या. वर्णन करा, विचारणा नको: "साल चिवट आहे, आतलं मऊ आणि गोडसर आहे." "आवडलं का?" या प्रश्नाला या वयात ठरलेलं उत्तर असतं. खाल्लं तर टाळ्या पिटू नका, नाही खाल्लं तर सुस्कारा टाकू नका. कौतुकाचाही दबाव होतो.

आता शिजवण्याबद्दल, कारण पुष्कळदा दोष भाजीचा नसतो. फ्लॉवर आणि कोबी जास्त वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि मुलांची नाकं तो लांबूनच पकडतात. फ्लॉवरचे छोटे तुरे ५ ते ७ मिनिटं वाफवा, सुरी सहज जाईल पण तुरा मोडणार नाही इतपत. किंवा थोडं तेल चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा. कडा तपकिरी होतात आणि गोडवा येतो. तुरे एकावर एक रचले तर ते भाजण्याऐवजी वाफेत गिळगिळीत होतात, म्हणून एका थरात पसरा. अंड्याचंही तसंच. उकळत्या पाण्यात ९-१० मिनिटं पुरे, मग लगेच गार पाण्यात टाका. जास्त उकळलं की बलकाभोवती हिरवट कडा धरते आणि तोच गंधकाचा वास येतो. "अंडं नको" म्हणणाऱ्या मुलाला कदाचित तो वासच नको असतो.

कडूपणा काही मुलांना इतरांपेक्षा जास्त जाणवतो आणि त्यात जन्मजात फरक असतो. त्यांच्यासाठी पालेभाजीआधी गाजर, वाटाणा, मका, रताळं, लाल भोपळा अशा गोडसर भाज्या घ्या. किंचित मीठ आणि थोडं तूप किंवा लोणी घातलं की कडूपणा दबतो.

"दोन घास भाजी खा, मग चॉकलेट." आमच्याकडे हे चालतं. यात चूक काय?

आज काम भागतं, पण हळूहळू भाजीची नावड वाढते. मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, बक्षीस मिळवण्यासाठी जे खायला किंवा प्यायला लावलं त्याचीच आवड मुलांमध्ये घटलेली दिसली. मुलाचा तर्क सरळ असतो: लाच द्यावी लागते म्हणजे हे वाईटच असणार. उलट चॉकलेटचा भाव वाढतो.

गोड द्यायचंच असेल तर अधूनमधून जेवणासोबतच, एक छोटा तुकडा, अट न घालता ताटात ठेवा. मूल तो आधी खाईल. खाऊ द्या, दुसरा मात्र मिळणार नाही. दोन-चार वेळा झालं की तुकड्याचं अप्रूप ओसरतं.

बक्षिसाचा एक प्रकार मात्र उपयोगी पडतो. एकच भाजी निवडा आणि रोज, जेवणाच्या वेळेबाहेर, वाटाण्याएवढा तुकडा चाखायला द्या. चाखला तर स्टिकर, नाही तर "बरं, उद्या बघू" म्हणून विषय बंद. १० ते १४ दिवस सलग करा. इथे बक्षीस म्हणून खाऊ दिलेला नसतो आणि तुकडा इतका लहान असतो की भांडायला कारणच उरत नाही. ताटावर जोरजबरदस्ती झालेल्या मुलांच्या बाबतीत आधी तीन-चार आठवडे ताण ओसरू द्या, मगच हे सुरू करा.

तीन वर्षांचा मुलगा दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध पितो, तेही बाटलीने. जेवण नावापुरतं. दूध पितोय म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण तो चिडचिडा आणि फिकट दिसतो.

हे पत्र आम्हाला सर्वात तातडीचं वाटतं. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतंच. वर त्यातलं कॅल्शियम अन्नातल्या लोहाच्या शोषणात आडवं येतं, आणि पोट दुधाने भरल्यावर लोह असलेलं अन्न पोटात जायला जागा उरत नाही. लोह घटलं की भूकही मरते, मग मूल आणखी दुधावर जातं. भरीस भर म्हणजे अशा मुलांना बहुधा बद्धकोष्ठताही असते आणि कोठा भरलेला असताना कुणालाच जेवावंसं वाटत नाही. फिकटपणा आणि चिडचिड आहे तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्ततपासणी करून घ्या. तो माती किंवा खडू खात असेल तर तेही सांगा. लोहाचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच द्या आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, कारण लोहाचा जादा डोस लहान मुलांना विषारी ठरतो.

या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. दर दोन दिवसांनी ६० ते ९० मिली कमी करत आणा. आधी जेवणापूर्वीचं दूध काढा, मग मधलं, शेवटी रात्रीचं. उरलेलं दूध उघड्या पेल्यात, खाण्यासोबत किंवा नंतर द्या. बाटली खरं तर दीड वर्षाच्या आतच सुटायला हवी. झोपताना तोंडात बाटली राहिली तर पुढचे दात किडतात आणि दुखरे दातही खाणं टाळायचं कारण होतात. दुधाच्या जागी ज्यूस आणू नका. एक ते तीन वर्षांत दिवसाला १२० मिलीच्या वर ज्यूस नको, आणि अजिबात नसला तरी काही अडत नाही. लोहासाठी डाळी, अंडी, मांस, मासे द्या आणि सोबत लिंबू, संत्रं, पेरू किंवा टोमॅटो. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणासोबत चहा देत असाल तर थांबवा.

अडीच वर्षांची मुलगी फक्त मिक्सरमधून काढलेलं खाते. जरा कण लागला की ओकारी काढते. दुसरं काही दिलं तर घास गालात धरून बसते.

चावणं शिकावं लागतं. साधारण दहा महिन्यांपर्यंत गुठळ्यांचं अन्न तोंडात आलं नाही तर पुढे ते स्वीकारणं मुलांना जड जातं. तरी आता सुरुवात करता येते, फक्त पायऱ्या बारीक हव्यात.

मिक्सर बंद करून काट्याने चेचायला लागा. चार-पाच दिवसांनी कमी चेचा. मग बोटांत धरून दाबल्यावर सहज चेपतील असे तुकडे द्या: शिजवलेलं गाजर, बटाटा, पिकलेलं केळं. पातळ सूपमध्ये घट्ट तुकडे मात्र टाकू नका. द्रव आणि घन एकत्र सांभाळणं जिभेला सर्वात अवघड जातं आणि ओकारी नेमकी तिथेच येते. सूप वेगळं, तुकडे वेगळे ठेवा. बदल एका वेळी एकच करा. आज पोत बदलला तर चव आणि रंग तेच राहू द्या.

गालात घास साठवण्याची कारणं वेगवेगळी असतात: घास मोठा असतो, चावून दमायला होतं, तोंडात अन्न आहे याची जाणीव कमी पडते किंवा पोट भरलेलं असतं. नखाएवढा घास, मधेमधे पाण्याचा घोट आणि जेवण संपल्यावर तोंड उघडून पाहणं, एवढं करा. तोंडात अन्न असताना झोपू किंवा धावू देऊ नका. दात आणि टॉन्सिल्सही तपासून घ्या.

ओकारी आणि घास अडकणं यांत गल्लत नको. ओकारीत आवाज येतो, डोळ्यांत पाणी येतं, जीभ पुढे येते. तेव्हा शांत राहा, तोंडात बोट घालू नका. घास अडकला की आवाज बंद होतो, खोकता येत नाही, ओठ निळसर होतात. तिथे लगेच प्रथमोपचार लागतात, म्हणून ते शिकवणाऱ्या वर्गाला घरातल्या एकाने तरी जाऊन यावं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, कच्चं गाजर किसून द्या.

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा का?

नाही. पण प्रत्येक जेवणात तो हमखास खातो असा एक पदार्थ ठेवा, साधा भात किंवा दही का असेना. बाकी सगळ्यांचं तेच त्याचं. तो फक्त भातच खाईल, तीनदा मागेल, तरी चालेल. सगळं एकत्र कालवून देऊ नका. वेगवेगळं वाढलं की कशात काय आहे ते त्याला दिसतं. चार वर्षांपुढच्या मुलाला स्वतः वाढून घेऊ द्या.

भुकेचं टॉनिक द्यावं का? आणि डॉक्टरांकडे नेमकं कधी जावं?

आपल्या मनाने टॉनिक देऊ नका. भूक वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांत मुळात ॲलर्जीवरचं औषध असतं आणि त्याने मूल गुंगावतं. भूक का नाही हे शोधल्याशिवाय ती वाढवण्यात अर्थ नाही.

वजन घटत असेल किंवा वाढीच्या तक्त्यातली रेघ खाली सरकत असेल, खाण्याच्या यादीत वीसपेक्षा कमी पदार्थ उरले असतील आणि सुटलेले परत येत नसतील, फळं किंवा डाळी असा अख्खा गटच बंद असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल, गिळताना दुखत असेल, उलट्या किंवा शौचातून रक्त जात असेल, नवा पदार्थ नुसता दिसला तरी मूल घाबरून रडत असेल, तर वाट पाहू नका. वाढीवर किंवा रोजच्या जगण्यावर परिणाम करणारं टोकाचं अन्न टाळणं हा २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र आजार मानला जातो, आणि त्याचं कारण वजनाची काळजी किंवा सडपातळ होण्याची इच्छा नसते. स्वमग्नता असलेल्या मुलांत खाण्याची यादी फार आखूड असणं बरेचदा आढळतं. गरजेप्रमाणे बालरोगतज्ज्ञ पुढे आहारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा गिळण्याच्या तक्रारींवर काम करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

जाताना किमान तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता, काय, किती चमचे, किती मिली दूध, शौच कधी आणि कशी. आतापर्यंतच्या वजन-उंचीच्या नोंदी आणि चालू असलेल्या औषधांची यादीही घ्या. मुलाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने फोन टेकवून ठेवून एका संपूर्ण जेवणाचं चित्रीकरण केलंत तर उत्तम. फक्त मूलच नाही, तर भरवणारं माणूस आणि खुर्चीखालचे पायही त्यात दिसले पाहिजेत.